पाठीशी उभा राहिलेला मामा

माझ्या मोबाईलवर अधिकच्या चिन्हाने सुरू होणाऱ्या एका परक्या नंबरावरून सारखा फोन यायचा. भाकरी तव्यावर असली की हमखास. पुण्याच्या मुलाने मला बजावून ठेवलं होतं, आई, असले नंबर उचलायचे नाहीत, बाहेरच्या देशातले लबाड लोक असतात, गोड बोलून बँकेतलं सगळं साफ करतात. मी जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलेली बाई, सूचना पाळणं अंगात मुरलेलं. मी तो नंबर ब्लॉक केला, आणि वर शेजारणीलाही ब्लॉक कसा करायचा ते शिकवून आले. मला कोणी फसवू शकत नाही, अशी माझी स्वतःबद्दल फार चांगली समजूत होती.

तो फोन एका आईचा होता. बांगलादेशातल्या कुठल्याशा गावातून ती आपल्या मुलीला शोधत होती, आणि तिची मुलगी माझ्या घराच्या मागच्या आळीत गाईच्या धारा काढत होती.

तिला इथे आणणारा माझा सख्खा भाऊ. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे सवयीने त्याच्याबद्दल काही गोड लिहिलं गेलं तर वाचणाऱ्याची फसगत व्हायला नको. माझी झाली तेवढी पुरे.

आमचं गाव मिरजगावच्या जवळ, हमरस्ता सोडून थोडं आत. भाऊ माझ्याहून बराच धाकटा. आई लवकर गेली, तेव्हा मी त्याला शाळेत बरोबर घेऊन जायची. त्याने वर्गात रडू नये म्हणून लिमलेटची गोळी माझ्या दप्तरात कायम असायची. मोठा झाल्यावर त्याने टेम्पो घेतला. लिंबं, कांदे, लग्नाची भांडी, काय मिळेल ते वाहायचा. जिल्हाभर ओळखी. बोलायला असा की रुसलेल्या विहिणीलाही हसवून सोडेल. मला तो 'अक्का' म्हणायचा आणि त्या एका शब्दावर मी काहीही करायला तयार असायची.

मला दोन मुलगे. मुलगी नाही. आमच्याकडे कन्यादानाला फार मोठं पुण्य मानतात, आणि मुलगी नसलेलं जोडपं कुणा पोरक्या मुलीचं कन्यादान करून ती हौस भागवतं. मग ते घर त्या मुलीचं माहेर होतं. पहिली दिवाळी तिथे, रुसून यायचं ते तिथे, बाळंतपणही तिथेच. दुसऱ्यांच्या लग्नात मुलीच्या आईबापांच्या ओंजळीवर पाणी पडताना बघितलं की माझे डोळे भरून यायचे. हे कोणाला माहीत नव्हतं. माझ्या भावाला माहीत होतं.

एके दिवशी चहा पिता पिता तो म्हणाला, "अक्का, मागच्या आळीतल्या लिंबाच्या बागवाल्याचं जमतंय. पोरगी बंगालकडची हाय. आश्रमात वाढलेली, मागंपुढं कोन न्हाई. पन लई गुनी. तिचं कन्यादान कराया कोनतरी पायजे. तू आन दाजी बसता का?"

त्या बागवाल्या मुलाची पस्तिशी उलटली होती. मुलगा म्हणायचं आपलं. पाणी बरं, गाई बऱ्या, घर स्लॅबचं, पण मुलगी मिळत नव्हती. आमच्याकडे हे घरोघरचं आहे. मुलींना नोकरीवाला पाहिजे, शहरातला पाहिजे. त्यात मुलींचं चुकतं असं मी म्हणणार नाही. ज्या गावांनी त्यांना जन्मालाच नीट येऊ दिलं नाही, त्यांनी आता बायका मिळत नाहीत म्हणून गळा काढावा याची मला चीडच येते. तरीही मी हो म्हणाले. भावाला मिठी मारायची तेवढी बाकी ठेवली.

लग्न आमच्या दारात झालं. "साधंच करू, पोरगी घाबरट हाय," असं भाऊ म्हणाला म्हणून पत्रिका नाही, बँड नाही. मांडव मात्र होता आणि बुंदी होती, आणि सगळं गाव जेवलं. मुलगी विशीची असेल नसेल. हळद लावताना तिचं अंग कापत होतं. बायका म्हणाल्या, सगळ्याच कापतात. मंगलाष्टका चालू असताना मुलीच्या पाठीशी तिचा मामा उभा राहतो. आई मी झाले होते, तर मामा दुसरा कोण असणार? माझा भाऊ गुलाबी फेटा बांधून तिच्या मागे उभा राहिला. तिच्या दोन्ही खांद्यांवर त्याने हात ठेवले होते. मला ते इतकं छान दिसलं की मी पदराने डोळे पुसले. ती मान वळवून काहीतरी बोलली तिच्या भाषेत, आणि भाऊ म्हणाला, "थंडी वाजतीय म्हनती." चैत्र होता. लोक हसले, मीही हसले.

त्या मुलीचा मला लळा लागला, हे खरं आहे, आणि ते मी कोणासाठी पुसून टाकणार नाही. ती मला आई म्हणायची. भाकरी तिला थापता यायची नाही. पीठ हाताला चिकटलं की स्वतःवरच चिडायची, मग मी तिला परातीत थोडं कोरडं पीठ भुरभुरायला शिकवलं. तिचं मराठी आमच्या गावाचंच झालं. "आई, लई ऊन हाय," असं ती म्हणाली की मला शिक्षिका असूनही तिला दुरुस्त करावंसं वाटायचं नाही. नवरा तिला मारत नव्हता. पण एकटीला बाहेर सोडत नसत. माझ्याकडे यायची तरी सासू फाटकापर्यंत सोडायला आणि न्यायला. मी म्हणायची, किती जीव लावतात.

दिवाळीत ती माहेरपणाला आली. भाऊबीजेला माझा भाऊ आला, तर ती स्वयंपाकघरातून बाहेरच येईना. मी ओरडले, "अगं, मामा आलाय, पाया पड." ती आली, वाकली आणि पुन्हा आत गेली. भावाने ओवाळून घेतलं, मला साडी दिली आणि जेवायच्या आधीच उठला. "पारनेरला भाडं हाय," म्हणाला. दर भाऊबीजेला त्याला पारनेरचं भाडं असायचं. मी दरवर्षी करंज्यांचा डबा बांधून द्यायची, वाटेत खा म्हणून.

तो गेल्यावर ती माझ्याजवळ आली. "आई, फोन देता? गानी बघते." मी दिला. ती मागे गोठ्याकडे गेली. बऱ्याच वेळाने फोन आणून दिला तेव्हा तिचे डोळे लाल होते. गाणी रडकी असतील म्हणून मी विचारलं नाही. ते परके फोन त्यानंतर सुरू झाले.

संक्रांत होऊन गेल्यावर दोन पोलीस आणि नगरच्या एका संस्थेच्या बाई दारात आल्या. पाटीवर आता अहिल्यानगर आहे, पण आमच्या तोंडून नगरच येतं. पोलीस साध्या कपड्यांत होते. एकाने कागदावरचा नंबर वाचून विचारलं, "हा मोबाईल तुमचा?"

मी म्हणाले, "माझाच. तो बाहेरच्या देशाचा चोर मला त्रास देतो त्याची चौकशी करताय ना? तुम्ही यायची वाट बघत बसले असते तर लुटलेच गेले असते. मी कधीच ब्लॉक केलाय त्याला."

 बाईंनी एक फोटो पुढे केला. शाळेच्या गणवेशातली मुलगी, लाल रिबिनीने वर बांधलेल्या दोन वेण्या. मी ओळखलं लगेच, आणि कौतुकाने म्हणाले, "ही आमची लेक. हा फोटो कुठे मिळाला तुम्हाला?"

मग बाईंनी ओट्यावरच बसून सांगितलं. मुलीची आई जिवंत आहे, दोन भावंडं आहेत. शिवणकामाच्या कारखान्यात काम देतो म्हणून एकाने तिला सरहद्दीपलीकडे आणलं आणि पुढे हातोहात विकलं. माझ्या फोनवरून तिने आईला गाठलं, आपण जिवंत आहोत एवढं सांगितलं आणि गाव नेमकं कुठे आहे ते सांगता येईना म्हणून फोन ठेवला. आईने तो नंबर तिथल्या पोलिसांना नेऊन दिला. तिथल्या एका संस्थेने इथल्या संस्थेला कळवलं, तिथल्या सरकारने इथल्या सरकारला. आमच्या गावाहून तालुक्याला अर्ज सरकायला एक उन्हाळा जातो, आणि इथे दोन देशांतली माणसं एकमेकांशी बोलून माझ्या ओट्यापर्यंत येऊन पोचली होती. ती मुलगी ज्यांना आई आणि मामा म्हणत होती, त्यांना मात्र तिचं खरं नावही माहीत नव्हतं. म्हणजे मला तरी नव्हतं.

मीच त्यांना मागच्या आळीत घेऊन गेले. बाईंनी तिला तिच्या खऱ्या नावाने हाक मारली. ती गाईजवळ बसली होती. तिने दुधाची बादली नीट बाजूला ठेवली, गाईच्या पायाचं दावं सोडलं, पदराला हात पुसले आणि मग खाली बसून हंबरडा फोडला. बाईंच्या फोनवर पलीकडून कोणीतरी तिच्या भाषेत बोलत होतं. आमच्या गावात तिच्याशी तिच्या भाषेत कोणी बोलण्याची ती पहिली वेळ होती.

तिला नगरच्या महिलांच्या निवाऱ्यात नेलं आणि त्या दिवसापासून गावाची वाचा गेली.

पोलीस घरोघर विचारत होते, आणि ज्या माणसांनी माझ्या दारात पंगतीला बसून बुंदीवर बुंदी वाढून घेतली होती, ती म्हणत होती, "लग्न? कसलं लग्न? ऊसतोडीच्या टोळीसंगं आल्ती ती. टोळी गेली, ती मागं राह्यली. गाई बघाया ठिवली हुती त्यांनी." आख्ख्या गावाने एका दिवसात मोबाईलमधले लग्नाचे फोटो पुसले. मुलीची ओटी भरणाऱ्या बायका मला पाहून दाराआड व्हायला लागल्या. भटजींना तर तो मुहूर्तच आठवेना.

संस्थेच्या बाईंनी मला समजावून सांगितलं, आणि ते मी कधी विसरणार नाही. तिला फसवून आणलं आणि लग्नाच्या नावाने विकलं, हे इथल्या कोणीतरी सांगायला पाहिजे. ते कोणी सांगितलं, तर ती अन्याय झालेली मुलगी. मग दोन्ही देशांचं ठरलेलं आहे, तिच्या घराची तिकडे खात्री करतील, कागद येतील आणि तिला आईकडे पोचवतील. कोणीच सांगितलं नाही, तर ती चोरून घुसलेली परदेशी बाई. मग खटला तिच्यावरच आणि तुरुंगही तिलाच.

"ती स्वतः सांगतेय की," मी म्हणाले.

"तिचा एकटीचा शब्द आहे, बाई. समोर अख्खं गाव आहे."

त्याच दिवशी भाऊ आला. घाबरलेला दिसला नाही. पायातल्या चपला काढत म्हणाला, "अक्का, तू एवढंच म्हन का आमी लग्न लावलं न्हाई. बाकी मी बघतो."

मी विचारलं, "तुला माहीत होतं का, तिला आई आहे?"

त्याने माझ्याकडे बघितलं नाही. "आई कोनाला नसती? तिकडं खायला न्हवतं तिला. हितं दूध-भाकर मिळाली, घर मिळालं. हेचा संसार झाला, तिचं पोट भरलं. दोघांचं बी भलंच केलं ना मी? चोरी केली का?"

"पैसे घेतलेस?"

"टेम्पो का पान्यावर चालतो?"

मी भिंतीला टेकून बसले. माझा नवरा कोपऱ्यात होता. तो म्हणाला, "गप बस. भाऊ हाय तुजा. परक्या मुलकातल्या पोरीपायी भावाला घालवती का?" हा माणूस माझ्या शेजारी बसून त्या पोरीच्या हातावर पाणी सोडायला होता. दोघांच्या ओंजळी एकावर एक होत्या. मी त्याला त्याची आठवण करून दिली, तर तो म्हणाला, "तवा म्हाईत न्हवतं." आता माहीत झालं होतं, आणि तरी तो तेच बोलत होता.

मी निवाऱ्यात तिला भेटायला गेले. एसटीतून जाताना मनात एकच घोळत होतं, की भावाचीही कोणीतरी फसवणूक केली असेल. वरचे दलाल लबाड असतात, त्यालाही आश्रमातलीच मुलगी म्हणून सांगितलं असेल. माणूस किती चिवटपणे स्वतःला फसवून घेतो, हे बघायचं तर मला त्या एसटीत बघायचं होतं.

तिने मला एका दमात सांगितलं. "मामानी मला आन दुसऱ्या एकीला खोलीत ठिवलं. रडले तर जेवन न्हाई. मग म्हनाला, माज्या बहिनीच्या दारात लगीन लावू, कोनाला शंका येनार न्हाई. ती शाळेची बाई हाय. लोकं तिला मानत्यात."

म्हणजे हे होतं. माझी नोकरी, माझी पेन्शन, गावात मला मिळणारा नमस्कार, माझ्या दारातलं तुळशीवृंदावन, मुलगी नसल्याचं माझं दुःख, हे सगळं त्याने त्या टेम्पोत माल भरावा तसं वापरलं होतं. मंगलाष्टकांच्या वेळी त्याचे हात तिच्या खांद्यांवर होते ते तिने पळू नये म्हणून. मला वाटलं होतं माया.

"आणि ती दुसरी?" मी विचारलं.

"पारनेरकडं," ती म्हणाली.

पारनेर ऐकल्यावर मला दर भाऊबीजेचं ते भाडं आठवलं. संस्थेच्या बाई तिथे जाणारच होत्या. मी म्हणाले, मी येते.

ती दुसरी मुलगी तिथे नव्हती. पोलीस येणार हे कळताच तिला कुठे हलवलं, ते अजून कळलेलं नाही. तिचं कन्यादान करणारी बाई मात्र घरी होती. माझ्याच वयाची, शेजारणीच्या दुकानातून ब्लाऊज शिवून घेऊन नुकतीच आलेली, बोलायला साधी. भिंतीवर रांगेत फोटो होते. एका फोटोत ती ओवाळत होती आणि समोर पाटावर माझा भाऊ बसला होता. डोक्यावर टोपी, मांडीवर रुमाल, ओठांत तेच हसू.

"हे कोण?" मी विचारलं.

"माझा भाऊ. मानलेला, पन सख्ख्याच्या वर," ती म्हणाली. "त्याला बहीन न्हाई हो कोनी. एक हुती ती ल्हानपनीच गेली म्हनं. म्हनून दर भाऊबीजेला हितंच येतो. येताना करंज्या आनतो. कोनाकडून करून घेतो देव जाने, पन लई चांगल्या असत्यात."

मी तिच्यासमोर बसून होते आणि लहानपणीच मेलेली होते. आयुष्यात मला एवढा राग कधी आला नव्हता. मुलीला विकलं तेव्हा आला नव्हता एवढा आला, हे सांगायला लाज वाटते, पण तसंच आहे. माझ्या करंज्या!  मी बोलले असते तर त्या बाईचं भिंतीवरचं सगळंच खाली आलं असतं. संस्थेच्या बाईंनी तिला साक्षीचं विचारलं. तिने आतून कडी लावून घेतली.

दुसऱ्या दिवशी मी नगरला जाऊन जबाब दिला. लग्न कुठे झालं, हळद कोणी लावली, पंगतीला कोण कोण होतं, सगळं सांगितलं. पंगतीतली नावं घेताना मला वर्गात हजेरी घेतल्यासारखं वाटत होतं. फक्त इथे कोणी हजर म्हणत नव्हतं. अधिकाऱ्यांनी विचारलं, "मुलीच्या पाठीशी मामा म्हणून कोण उभं होतं?"

"माझा भाऊ," मी म्हणाले, आणि पाणी मागितलं.

पुढे काही दिवसांनी, मुलीच्या घराची तिकडे खात्री करायची होती तेव्हा, मला पुन्हा बोलावलं. टेबलावर व्हिडिओ कॉलचा मोठा पडदा होता. पलीकडे तिथले अधिकारी, मध्ये एक दुभाषा आणि त्यांच्या शेजारी मुलीची आई. वाळलेली, डोक्यावरून पदर घेतलेली बाई. मुलगी पडद्याला हात लावून बसली होती. दोघी काय बोलल्या ते मला कळलं नाही आणि कोणी सांगितलंही नाही. मग त्या आईने माझ्याकडे बोट दाखवून काहीतरी विचारलं. दुभाषा जरा अडखळला.

"त्या विचारतायत, तुम्ही फोन का उचलत नव्हता?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणाले, "मला वाटलं, कोणीतरी फसवणारं आहे."

दुभाष्याने ते तिला सांगितलं. ती माझ्याकडे बघत राहिली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती फक्त मान हलवत राहिली, बरोबर आहे, बरोबर आहे, अशी.

भावाला अटक झाली. गावाने मला वाळीत टाकलं म्हणता येणार नाही, आता तसं कोणी उघड करत नाही. पण हळदीकुंकवाचं बोलावणं थांबलं. डेअरीच्या रांगेत माझ्या मागेपुढे जागा मोकळी राहू लागली. ज्या गावाने लग्न लागलंच नाही म्हणून सांगितलं, त्याच गावात मी ते लग्न लावून पोरगी विकली अशीही चर्चा होती. नवरा माझ्या हातचं जेवायचा आणि भिंतीशी बोलायचा. पुण्याचा मुलगा म्हणाला, "आई, कशाला पडलीस त्यात?" फसवणाऱ्यांपासून सावध राहा म्हणून बजावणारा हाच.

मला वाटायचं, जाऊ दे सगळे. एक ती आहे. तिच्यासाठी केलं आणि तिला ते माहीत आहे.

कागद यायला वेळ लागला, पण आले. तिला सरहद्दीपर्यंत पोचवायला पोलीस आणि संस्थेच्या बाई जाणार होत्या. पलीकडून त्यांचे लोक तिला ताब्यात घेणार होते. निघायच्या दिवशी मी निवाऱ्यात गेले. डब्यात भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी होती, तिला आवडायची. मी म्हणाले, "पोचलीस की फोन कर. आणि तुझ्या गावाचा पत्ता मला लिहून दे. कधी ना कधी येईन. मी आई आहे तुझी."

तिने डबा घेतला. माझ्या हाताला धरून बाजूला नेलं. ती रडत नव्हती.

"आई, पत्ता न्हाई देनार," ती म्हणाली. "तुमी लई केलं माज्यासाठी. पन तुमचा भाऊ हाय तो."

"मी त्याच्याविरुद्ध जबाब दिलाय!"

"व्हय. पन तुमी त्याच्यावर जीव लावता. मी बघितलंय." ती वाकून माझ्या पाया पडली आणि गाडीत बसली. गाडीच्या काचेतून तिने हात केला. मी केला नाही. मला इतकं लागलं होतं की हात वर उचलेना.

परतीच्या एसटीत मी भांडत होते, तिच्याशी, मनातल्या मनात. तुझ्यासाठी भाऊ घालवला, नवरा घालवला, गाव घालवलं, आणि तू मलाच चोर ठरवतेस? दोन देशांच्या साहेबांना तुझं घर माहीत, आणि तुझी हळद उतरवलेल्या बाईला नाही? कितीतरी दिवस मी तिच्यावर रुसून होते. कोणी विचारलं, पोरगी पोचली का, तर मी तुटकपणे म्हणायची, पोचली असेल.

मग दिवाळी आली. भाऊ जामिनावर सुटल्याचं कानावर आलं होतं. भाऊबीजेच्या सकाळी मी काही केलं नव्हतं, रांगोळीही नाही, आणि फाटक वाजलं. तो उभा होता. बारीक झाला होता, दाढी वाढलेली. हातात साडीची पिशवी. नवऱ्याने घाईघाईने पाट मांडला. त्याला आधीपासून माहीत असणार.

"अक्का," तो म्हणाला.

मला सगळं माहीत होतं. खोली माहीत होती, पारनेर माहीत होतं, मी मेलेली आहे हे माहीत होतं. तरी तो पाटावर बसला आणि मला वाटलं, आला. आज पारनेर सोडून माझ्याकडे आला. मी आत जाऊन ताट केलं. निरांजन लावलं. मी बोटावर कुंकू घेतलं, त्याच्या कपाळाकडे नेलं, आणि तो हळूच म्हणाला, "अक्का, कोर्टात ती आता तिकडून पडद्यावर बोलनार हाय. तेच्या आधी एकदा मला तिच्या घरच्यांशी बोलू दे. तिकडं आपली मानसं हायती, समजावत्याल तिला. तिचा पत्ता आसंल तुज्याकडं."

कुंकू बोटावरच राहिलं.

"मला माहीत नाही," मी म्हणाले.

"आई ना तू तिची?"

"मला दिला नाही तिने पत्ता."

त्याने माझ्या डोळ्यांत बघितलं, खरं आहे हे त्याला कळलं, आणि तो हसला. लहानपणी गोळी मिळाल्यावर हसायचा तसाच. "तुला बी न्हाई दिला?" मग पाटावरून उठला, साडीची पिशवी तिथेच ठेवली आणि चपला घालता घालता म्हणाला, "निघतो. पारनेरला जायचंय."

फाटक लागल्यावर मी ताट घेऊन तशीच उभी होते. मला पत्ता माहीत असता, आणि तो तसाच पाटावर बसून अक्का म्हणाला असता, तर मी काय केलं असतं हे मला आजही छातीठोकपणे सांगता येत नाही. तिला ते माहीत होतं.